आधी दोष लिहिणारे भाऊ

पगारे भाऊ कार्ड कधी मधून धरत नसत. अंगठा एका कडेला, मधले बोट दुसऱ्या कडेला आणि कार्ड मध्ये अधांतरी. हात आधी साबणाने धुतलेले, पंच्याने पुसलेले आणि तरी पुन्हा एकदा बनियनला पुसलेले. खिडकीपाशी उभे राहून ते कार्ड उजेडात तिरपे करीत आणि मोठ्याने बोलत, "वरचा डावा कोपरा दबलाय. मागं शाईचा ठिपका. बाकी पोरगं चांगलं आहे."

कार्डाला ते पोरगं म्हणत. कमलवहिनी आतून भाकरी थापता थापता म्हणायच्या, "पोरगं म्हणता अन् इकता."

"मग? पोरी नाय का आपण लोकांच्या घरी देत?"

"पोरींचे पैसे घेत नाय आपण."

"म्हणून तर इकडं घेतो. भरपाई."

मी कोपऱ्यात बसून पाकिटे करीत असे. हसू आले की पदर तोंडाला लावायचे. त्या घरात मी आठ वर्षे काम केले, पण माझा आवाज किती जणांनी ऐकला असेल ते सांगता येत नाही.

माझे शिक्षण चौथीपर्यंत. हे मी मुलीच्या उरलेल्या वहीत लिहिते आहे आणि वही डब्यात ठेवते. भाऊंना जाऊन बरीच वर्षे झाली. पण अजून सातपूरच्या आमच्या वस्तीत कुणी कुणाला फसवले की कोणीतरी हसत म्हणते, "पगारेभाऊंचा चेला दिसतोय." ते ऐकले की त्या दिवशी जेवण जात नाही. म्हणून लिहायला बसले.

भाऊ आधी सातपूरलाच एका खासगी छापखान्यात होते. तिथे औषधांच्या खोक्यांचे कागद छापायचे. भाऊ चेकर. छापलेला कागद हातात घ्यायचा, त्यातला दोष शोधायचा, दोष नसेल तर कोपऱ्यात सही करायची. बावीस वर्षे त्यांनी हेच केले. त्यामुळे त्यांची नजर अशी झाली होती की लग्नपत्रिका घेऊन कुणी आले तरी ते आधी "या, बसा" म्हणायच्या ऐवजी म्हणत, "मुहूर्ताच्या खाली रेघ वाकडी आलीय." लोक चिडत. वहिनी कपाळावर हात मारीत.

मग एकदा औषधाच्या खोक्यावर साल चुकीचे छापले गेले. भाऊंनी सही केली तेव्हा साल बरोबर होते. नंतर वरून कुणीतरी बदल केला होता. पण मोठ्या साहेबाला एक नाव हवे होते. भाऊंना खुर्चीवर बसवून त्यांच्याकडून लिहून घेतले, 'माझी नजर चुकली.' लिहिल्याशिवाय हिशेब मिळणार नव्हता. भाऊंनी लिहिले, सही केली, घरी आले. वहिनी सांगायच्या, त्यानंतर चार दिवस ते आरशात पाहून दाढी करीत नव्हते.

"न केलेल्या गोष्टीवर सही करायची नाय आता. मेलो तरी नाय," एवढेच ते त्याबद्दल बोलत. दर दोन-तीन महिन्यांनी बोलत, काही कारण नसताना.

कार्डांचा नाद मात्र नोकरी जायच्या कितीतरी आधीपासूनचा. नव्वदनंतरच्या काळात चिंगमच्या पाकिटात क्रिकेटवाल्यांची आणि कुस्तीवाल्यांची रंगीत कार्डे येत. सगळी लहान मुले त्यापायी वेडी झाली होती. भाऊ रविवारी पंचवटीत भाजी आणायला जात आणि गोळ्या-बिस्किटांच्या दुकानासमोर मुलांच्या घोळक्यात उकिडवे बसून कार्डांची अदलाबदल करीत. चाळिशी ओलांडलेला माणूस. वहिनी म्हणायच्या, "मेथी आणाया गेले अन् पैलवान घेऊन आले." मुले मोठी झाली, त्यांची कार्डे रद्दीत गेली. भाऊंची राहिली, प्लास्टिकच्या खिशांत, नंबराप्रमाणे, सोळा वह्यांत.

नोकरी गेल्यावर दोन वर्षे ते नुसते बसून होते. मग गंगापूर रोडला नेटचा एक कॅफे होता, तिथे त्यांना कुणीतरी दाखवले की अशा जुन्या कार्डांचा नेटवर लिलाव होतो आणि संचातल्या एखाद्या राहिलेल्या नंबरासाठी लोक हटून बसतात. भाऊ पंधरा दिवस कॅफेत जाऊन फक्त पाहत बसले. मग जुना कंप्युटर आणि स्कॅनर घेतला, त्यावर वहिनींनी भरतकाम केलेला रुमाल घातला आणि दुकान सुरू झाले. दुकान म्हणजे तेच, पुढची खोली.

मी पेठकडची. आईबाप दिंडोरीला द्राक्षांच्या मजुरीला यायचे, त्यातच माझी शाळा सुटली. द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये मी लग्नापर्यंत काम केले. नवरा सातपूरला कंपनीत लागला म्हणून इथे आले. घरी बसून खोक्यांना कागद चिकटवायचे, ते भाऊंनी पाहिले. माझी घडी पाहून म्हणाले, "ही सुमन सरळ हाताची आहे." मला तोंडावर काही म्हटले नाहीत, वहिनींना म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांची पाकिटे करू लागले. कार्ड प्लास्टिकच्या खिशात, खिसा दोन पुठ्ठ्यांमध्ये, पुठ्ठ्याला चारही बाजूंनी चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीचे एक टोक दुमडलेले, म्हणजे उघडणाऱ्याला नखाने खरवडावे लागू नये. ते दुमडणे भाऊंनी शिकवले. म्हणत, "पाकीट उघडताना माणूस चिडला, तर तो राग मालावर निघतो."

आणि प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी जायची. त्या चिठ्ठीची रीत अशी, की आधी दोष. कार्डाचे नाव नंतर, धन्यवाद सगळ्यांत शेवटी. लिलावाच्या त्या साइटवरही ते तसेच लिहीत. दुसरे विकणारे लिहीत, 'नवेकोरे, सुंदर, लवकर घ्या.' भाऊ लिहीत, 'खालचा कोपरा दबलेला. मागे ठिपका. वास येतो, कारण चिंगमसोबत होते.' इंग्रजीत, सगळी मोठी अक्षरे, एक एक बोटाने दाबत. वहिनी विचारायच्या, "असं लिवल्यावर कोण घेईन वो?"

"घेईल तो भांडणार नाय," भाऊ म्हणत.

पण भांडणारे यायचेच. त्या आठ वर्षांत मी नुसते ऐकून ऐकून गिऱ्हाइकांच्या जाती शिकले. एक कोलकात्याचे गृहस्थ होते. एका कार्डासाठी त्यांनी आधी समोरचा फोटो मागितला, मग मागचा, मग उन्हातला, मग पट्टी शेजारी ठेवून, मग दुसऱ्या पट्टीने, कारण पहिली पट्टी खरी कशावरून. भाऊ प्रत्येक वेळी उठून फोटो काढीत. वहिनी तापल्या. "त्याला म्हणा, इथंच ये राह्यला."

"विचारणारा माणूस बरा असतो," भाऊ म्हणाले. "न विचारता घेतो तो नंतर विचारतो, अन् तेव्हा आवाज चढवून विचारतो."

त्या गृहस्थांनी शेवटी कार्ड घेतलेच नाही. भाऊंनी त्यांनाही 'धन्यवाद' लिहिले.

आग्र्याच्या एका माणसाने कळवले, पाकीट रिकामे आले, पैसे परत करा, नाहीतर साइटवर वाईट लिहितो. पाकीट पोस्टात तोलून दिले होते आणि पावतीवर वजन होते. दुसरा कुणी असता तर ती पावतीच तोंडावर मारली असती. भाऊ बराच वेळ हनुवटी चोळत बसले आणि त्यांनी एकच ओळ लिहिली, 'आपल्या घरी वडीलधारे कोण आहे?' दोन दिवसांनी उत्तर आले. त्या माणसाची आई घरी होती. पाकीट तिने घेतले, उघडले. एवढे जपून आलेले काय म्हणून पाहते तर दाढीवाल्या माणसाचे चित्र. तिला वाटले, कुणी महाराज आहेत. तिने कार्ड देवघरात ठेवून हळदकुंकू वाहिले होते. तो खेळाडू वेस्ट इंडीजचा. भाऊ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "हळद लागली म्हणजे डाग पडला. त्याला निम्मे परत करायला पाहिजेत." आणि केले.

एकजण तर नाशिकचेच, गंगापूर रोडला बंगला होता. त्यांना साइटवर घ्यायचे नव्हते. घरी आले, गाडी वस्तीच्या तोंडाशी लावून. भाऊंनी नेहमीप्रमाणे सांगितले, "आधी हात धुवा साहेब. मोरी तिकडं." साहेब जरा थांबले, मग धुतले. वहिनींनी चहा ठेवला. साहेबांनी तासभर वह्या चाळल्या, भाव पाडून मागितला. "पोस्टाचा खर्च वाचतोय तुमचा," म्हणाले.

"तेवढा कमी करतो. पण इथवर यायला तुमचं पेट्रोल गेलं, ते नाय देणार."

साहेब हसले आणि तीन कार्डे घेऊन गेले. चहा तसाच राहिला होता, साय धरलेला. भाऊंनी तो कप उचलून उभ्यानेच पिऊन टाकला. "चहाला काय दोष आहे," म्हणाले. वहिनींनी कपबशी विसळली.

त्या साइटवर प्रत्येक विकणाऱ्याच्या नावापुढे टक्के असत. माल मिळाला की घेणारा एक ओळ लिही, बरी किंवा वाईट, आणि त्यावरून टक्के ठरत. भाऊंचे शंभर होते. पाच वर्षे शंभर. नवी ओळ आली की ते ती कॅफेत जाऊन छापून आणीत आणि फाइलला लावीत. मला आणि वहिनींना मराठीत सांगत, "केरळवाला म्हणतो, जसं लिहिलं तसंच निघालं." पुन्हा म्हणत, "जसं लिहिलं तसंच." वस्तीत जो येईल त्याला आकडा दाखवीत. वहिनींना त्याचे हसू यायचे. मला मात्र कळत होते. छापखान्यात त्यांच्या नावावर जे लिहून घेतले होते, ते या आकड्याने रोज थोडे थोडे पुसले जात होते.

आता जे लिहायचे त्यासाठीच ही वही उघडली.

इंदूरच्या एका माणसाने एक कार्ड परत पाठवले. म्हणे, उजवी कड खडबडीत आहे, धागे निघालेत, उंदराने कुरतडल्यासारखे दिसते. चिठ्ठीत तसे लिहिलेले होते, तरी तो ऐकेना. भाऊंनी वाद घातला नाही, पैसे परत दिले. पण त्या दिवशी ते कार्ड घेऊन खिडकीपाशी खूप वेळ उभे होते आणि वहिनींनी दोनदा हाक मारली तरी जेवायला आले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात बंगळूरला एक कार्ड जायचे होते. त्या गिऱ्हाइकाच्या पूर्ण संचातले तेवढे एकच कमी होते, चार वर्षे तो शोधत होता. भाऊ खुशीत होते. कार्ड आणि चिठ्ठी माझ्यापुढे ठेवून ते दवाखान्यात साखर तपासायला गेले. मी कार्ड खिशात घालायला उचलले आणि पाहिले, याचीही उजवी कड तशीच. बारीक पांढरे धागे.

दिंडोरीच्या शेडमध्ये आम्ही हेच करायचो. घड हातात घ्यायचा, फिरवायचा, फुटका, सुकलेला, लहान मणी दिसला की बारीक कात्रीने काढून टाकायचा. एका मण्यापायी सगळी पेटी परत येते, असे मुकादम सांगायचा. घड साफ करून दिला म्हणजे बाई कामाची. मला दुसरे काय माहीत? मी स्टीलची पट्टी ठेवली, नवे ब्लेड घेतले आणि ती कड कापली. केसाएवढीच. इतकी सरळ कापली की मलाच बरे वाटले. मनात म्हटले, भाऊंना न सांगता त्यांचे एक भांडण वाचवले. चिठ्ठी इंग्रजीत होती, ती मला वाचता येत नव्हती. पाकीट बंद केले, टोक दुमडले.

नऊ-दहा दिवसांनी मी खोलीत शिरले तर भाऊ कंप्युटरसमोर बसलेले आणि वहिनी त्यांच्या मागे उभ्या. भाऊ वाचून मराठीत सांगत होते. "म्हणतो, दाखवलं एक अन् पाठवलं दुसरं. फोटोत उजवी कड खडबडीत, चिठ्ठीत पण तसंच लिहिलेलं. हातात आलं त्याची कड गुळगुळीत. बाकीच्या कार्डांशेजारी ठेवलं तर अर्धा मिलिमीटर कमी भरतं."

"मग गुळगुळीत आली तर चांगलंच की," वहिनी म्हणाल्या.

"अगं, तीच तर खूण असती! कारखान्यात बोथट पात्यानं कापलेलं, म्हणून धागे. ज्याची कड गुळगुळीत ते मागून कुणीतरी कापलेलं. कापलेल्या कार्डाला कुत्रं विचारत नाय. म्हणून तर मी ते पहिलंच लिहितो." मग ते थांबले. "अन् साइटवर काय लिहिलं बघ त्यानं. एकच शब्द लिहिलाय. चीट."

आकडा शंभरवरून खाली आला होता. भाऊ म्हणाले, "टक्का जाऊ दे. टक्का परत येतो. शब्द बघ."

मी डिंकाची बाटली हातात घेऊन उभी होते. तेव्हाच बोलायला हवे होते. मी खाली बसले आणि पाकिटे करायला लागले.

त्यानंतरचे पंधरा दिवस भाऊ वेगळेच झाले. इतकी वर्षे कुणाशी आवाज न चढवणारा माणूस रोज त्या बंगळूरवाल्याला लांब लांब पत्रे लिहू लागला. पैसे परत द्यायला तयार होईनात. वहिनी समजावीत, "देऊन टाका वो. इंदूरवाल्याला दिलेच की."

"ते वेगळं होतं. आता पैसे दिले म्हणजे सही केल्यासारखं आहे. मी पाठवलं ते तेच कार्ड होतं. न केलेल्या गोष्टीवर सही करायची नाय."

दुसऱ्या गिऱ्हाइकांवरही ते खेकसू लागले. एका बाईने मागचा फोटो मागितला तर लिहिले, 'घ्यायचे तर घ्या.'

आणि मग त्यांच्या डोक्यात आले की कार्ड वाटेत बदलले गेले. पोस्टात आहेरमामा होते, पार्सल घेणारे. पाच वर्षे आमची पाकिटे त्यांच्याच हातून जात होती. खिडकीतून मला पाहिले की म्हणायचे, "आली का बोलकी बाई?" मी लाजून पाकिटे पुढे सरकवायची. भाऊंनी त्यांच्या नावाची तक्रार लिहिली. पाकीट यांच्या हातून गेले, यांचीच चौकशी करावी. वहिनींना वाचून दाखवली. सकाळी मोठ्या पोस्टात नेऊन द्यायची ठरली.

मी संध्याकाळी घरी गेले. स्वयंपाक केला, मुलीला वाढले. आहेरमामांना दोन वर्षांत पेन्शन बसणार होती, ते सगळ्यांना सांगत सुटले होते. मी मुलीच्या वहीचे पान फाडले. बोलता येणार नाही हे मला ठाऊक होते. लिहिले, 'भाऊ, ती कड मी कापली. आहेरमामांनी काही केले नाही. मला वाटले धागे वाईट दिसतात. सुमन.' सकाळी दार उघडल्याबरोबर, वहिनी नळावर गेल्या असताना, आत गेले आणि भाऊंच्या हातात दिले.

त्यांनी चिठ्ठी खिडकीपाशी नेऊन वाचली. कार्ड पाहत तशीच, कडांना धरून. मग आत गेले, तक्रारीचा कागद आणला आणि त्याचे चार तुकडे केले. मी जमिनीकडे पाहत होते.

"कशानं कापलीस?"

"ब्लेडनं."

"पट्टी धरून?"

मी मान हलवली.

"सरळ कापलीस," ते म्हणाले. कागदाचे तुकडे गोळा केले. मग म्हणाले, "त्या चिठ्ठीत लिहिलेलं होतं, कड अशीच पाहिजे. पण लिहिलं कसं? तुला वाचता येणार नाय असं. काम करणाऱ्याला कळेल असं लिहायचं, ही चेकरची जबाबदारी. बावीस वर्षं मशीनवाल्याला मी मराठीत लिहून द्यायचो. घरातल्या माणसाला मात्र नाय दिलं. मग दोष कुणाचा?"

"माझा, भाऊ." हे मी मोठ्याने बोलले. मला आठवते.

"तू गप्प बस," ते म्हणाले. एरवी मला कुणी असे सांगायची वेळच येत नसे.

त्यांनी बंगळूरवाल्याला लिहिले. मला आधी मराठीत वाचून दाखवले. 'आपण म्हणता ते बरोबर आहे. कार्ड तेच आहे, पण कड माझ्या घरात कापली गेली. दोष माझा. पैसे परत पाठवत आहे. आपली चार वर्षे मी वाया घालवली, ती परत करता येत नाहीत.' खाली पूर्ण नाव.

"माझं नाव लिहा ना," मी म्हटले.

"त्याला तुझ्या नावाचं काय करायचंय? त्यानं माल माझ्याकडून घेतला."

छापखान्यात त्यांच्यावर बळजबरी झाली होती. इथे समोर साहेब नव्हता, हिशेब अडलेला नव्हता. जी सही मेल्यावरही करणार नव्हते, ती त्यांनी माझ्यासाठी एका बोटाने टाइप केली. मग पोस्टात जाऊन आहेरमामांना पाव किलो पेढे दिले. मामांनी विचारले, "कशाचे?" तर म्हणाले, "असेच. मनात वाईट आलं होतं."

बंगळूरवाल्याचे उत्तर आले. तुमच्यासारखे कबूल करणारा पहिलाच भेटला, असे लिहिले होते. पण एकदा टाकलेली ओळ काढायची सोय त्या साइटवर नव्हती. तो शब्द राहिला. नवे गिऱ्हाईक आले की आधी त्याबद्दल विचारी. भाऊ प्रत्येकाला एकच उत्तर देत, 'होय. ती कड माझ्या घरात कापली गेली.' पुष्कळजण तिथूनच परत जात. मी एकदा वहिनींना सांगायला निघाले, तर भाऊंनी आतूनच सांगितले, "सुमन, आज पाकिटं जास्त आहेत." मी ओळखले. वहिनींना शेवटपर्यंत हे कळले नाही.

त्या दिवसापासून माझ्यापुढे दोन चिठ्ठ्या येत. एक इंग्रजी, एक मराठी. मराठी चिठ्ठी मी मोठ्याने वाचून दाखवायची, मगच पाकीट बंद. 'खालची कड खडबडीत. तशीच ठेवावी.' मी अडखळत वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. चौथीनंतर मी पुन्हा वाचायला लागले ती अशी.

वहिनी अचानक गेल्या. मग साखरेने भाऊंचा डावा डोळा गेला, उजव्यालाही धुके येऊ लागले. कार्डावरचा ठिपका दिसेना तेव्हा त्यांनी विकणे बंद केले. म्हणाले, "दोष दिसत नाय तर लिहू काय?" भाऊंची मुलगी भुसावळला दिलेली, ती आणि जावई न्यायला आले.

सामान बांधताना वस्तीतली माणसे जमली होती. जावई बोलका, हसतमुख. कंप्युटरजवळची फाइल चाळत होता. छापलेल्या ओळी वाचता वाचता तो थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "अरे वा! सासरेबुवा, हे काय? चीट? छापखान्यातून काढलं ते काढलं, कंप्युटरवर पण नाव काढलंत की!"

लोक हसले. मुलगी म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना." पण तिनेही ते पान वाकून वाचले.

मी दारात होते. हातात झाडू होता. माझे तोंड उघडले, एवढे मला कळले. "ते..." म्हणाले मी.

"सुमन," भाऊ लगेच म्हणाले, "ते पाण्याचं भांडं रिक्षात ठेव बाई. विसरंल."

मी भांडे उचलून बाहेर नेले. परत आले तोवर बोलणे दुसऱ्या कशावर गेले होते. हसणाऱ्यांतले बरेचजण अजून वस्तीत आहेत. त्यांना तेवढेच ठाऊक आहे.

नाशिक रोड स्टेशनला जायची रिक्षा. भाऊ मागे उजव्या टोकाला बसले, मधे मुलगी, डावीकडे सामान धरून जावई. गल्ली अरुंद, रिक्षा भिंतीला खेटून उभी होती. मी सामानाच्या बाजूला, डावीकडे उभी होते. भाऊंचा त्या बाजूचा डोळा नव्हता. त्यांनी मान वळवली ती उजवीकडे, जिकडे नुसती भिंत होती. धुक्यात त्यांना तिथे कुणी उभे आहेसे वाटले असावे.

त्यांनी हात जोडले. "जयभीम, सुमन," त्या भिंतीला म्हणाले. "बोलत जा थोडं."

मुलीने त्यांच्याकडे पाहिले. रिक्षावाल्याने किक मारली. 'भाऊ, मी इकडे आहे,' एवढेच म्हणायचे होते.

मी म्हटले नाही. रिक्षा सुटली. गल्लीच्या वळणापर्यंत त्यांचे हात जोडलेले दिसत होते, भिंतीकडे.